जमिनीखालून गारा उचलणाऱ्यास

प्रति,
आकाशज्ञानी महोदय,
मुक्काम पोस्ट व्हॉट्सॲप, तालुका सर्व, जिल्हा सर्व.



आपलं खरं नाव मला ठाऊक नाही. आपल्या तक्त्याच्या कोपऱ्यात फक्त 'हवामान अभ्यासक' एवढं असतं, शेजारी कडाडणाऱ्या विजेचं चित्र, आणि तळाला 'शेतकरी बांधवांपर्यंत पोचवा' अशी आज्ञा. आज्ञा पाळली गेली, तक्ता माझ्यापर्यंतही पोचला. विषय अर्थातच आपण ऐन मार्चात, द्राक्षांचा हंगाम भरात असताना, सोडलेला 'नाशिकचं साउंडिंग' हा आलेख. दोन वेड्यावाकड्या रेषा, मध्ये लाल रंगाने भरलेलं भलंमोठं पोट, 'केप ४०००' असा ठळक आकडा, आणि त्याखाली निकाल: नऊ दिवसांनी, दुपारी बारा वाजता, लिंबाएवढ्या गारा.

दिवस सांगितलात, वेळ सांगितलीत, गारेचा आकारही सांगितलात. पहिली गार कोणाच्या वावरात पडणार, तेवढं मात्र गुलदस्त्यात ठेवलंत. बाकी उदारपणात कसूर नाही.

आधी अभिनंदन करतो, आणि ते उपरोधाने नाही. आपल्या हातात जी साधनं आहेत ती एका पिढीपूर्वी पगारी हवामानशास्त्रज्ञालाही मिळत नव्हती. नेपियर शॉ यांनी १९१५ साली हवेचे थर दाखवणारा टेफिग्राम हा आलेख आखला. नॉर्वेच्या हर्लॉफसन यांनी १९४७ साली तिरक्या तापमानरेषांचा स्क्यू-टी मांडला. त्यानंतर कित्येक दशकं हवामान कचेऱ्यांमध्ये छापील कागदावर, टोकदार पेन्सिलीने, एकेका थराचा बिंदू टिपून रेषा जोडल्या जात. आपल्या भारतीय हवामान विभागाला टेफिग्रामची सवय जास्त. १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलेली आणि जुन्या पुणेकरांच्या तोंडी अजून 'सिमला ऑफिस' हेच नाव असलेली शिवाजीनगरची ती कचेरी आपल्याला ठाऊक असेलच. नसली तरी हरकत नाही, आपलं तिच्यावाचून अडलेलं दिसत नाही.

आता ते काम घरबसल्या होतं. अमेरिकेचं जीएफएस हे हवामानाचं संगणकी मॉडेल दिवसातून चार वेळा चालवलं जातं आणि ३८४ तासांचं, म्हणजे सोळा दिवसांचं भाकीत जगाला फुकट मिळतं. युरोपीय हवामान केंद्रानेही जानेवारी २०२२ पासून आपल्या ताज्या भाकितांचा काही भाग खुला केला. भाकिताच्या आकड्यांची ग्रिब फाइल उतरवायची, पायथन या संगणकभाषेत एक्सअरे नावाच्या साधनाने उघडायची, नाशिकचे अक्षांश-रेखांश द्यायचे, मेटपाय नावाच्या मोफत लायब्ररीला स्क्यू-टी काढायला सांगायचं. चहा निवायच्या आत आलेख तयार. तो शास्त्रज्ञांच्या निबंधातल्या आलेखाइतकाच देखणा दिसतो, आणि नेमकी तिथेच आपली सोय झाली.

ज्यांच्यापर्यंत हे पत्र जाईल त्यांच्यासाठी दोन शब्द. आपण आपल्या तक्त्यावर ते लिहीत नाही, म्हणून मी लिहितो. साउंडिंग म्हणजे एका जागेवरच्या हवेचा जमिनीपासून वरपर्यंत घेतलेला उभा छेद. हायड्रोजन भरलेल्या फुग्याला रेडिओसाँड नावाची छोटी डबी बांधून सोडतात. तो मिनिटाला साधारण तीनशे मीटर चढतो, जाताजाता तापमान, आर्द्रता आणि वारा खाली कळवत राहतो, आणि तीसेक किलोमीटरवर कुठेतरी फुटतो. जगभर हे वेध एकाच घटकेला घेतले जातात: भारतीय वेळेने पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच. आपल्याकडे सांताक्रूझ, नागपूर, पणजी अशा मोजक्या ठिकाणांहून फुगे जातात. त्या नोंदींतून दोन रेषा निघतात. उजवीकडची तापमानाची, डावीकडची दवबिंदूची. मग कल्पनेने जमिनीलगतच्या हवेचा एक पुंजका उचलायचा, त्याला पार्सल म्हणतात, आणि तो वर नेताना कुठे आजूबाजूच्या हवेपेक्षा उबदार राहतो ते बघायचं. जिथे उबदार राहतो तिथे तो आपोआप वर उसळतो. त्या पट्ट्याचं क्षेत्रफळ म्हणजे केप, उसळायला उपलब्ध असलेली ऊर्जा, किलोमागे ज्यूलमध्ये. जिथे तो थंड पडतो आणि अडतो तिथलं क्षेत्रफळ म्हणजे सिन, वर जायला असलेली आडकाठी. आपल्या तक्त्यात सिन कुठेच नव्हता. लाल रंग संपला असेल.

या फुग्यांमागे माणसं किती खपली आहेत, याची एकच गोष्ट सांगतो. १९२०च्या दशकात आग्र्याच्या वेधशाळेतून फुगे सोडत. तेव्हा फुग्यावर रेडिओ नव्हता. फुग्याला बांधलेलं यंत्र स्वतःच रेघ ओढून नोंद करी, फुगा फुटला की कुठल्यातरी शेतात पडे, आणि ज्याला सापडेल त्याने ते परत आणून दिलं तरच नोंद हाती लागे. अशा मिळालेल्या नोंदी जुळवत के. आर. रामनाथन यांनी १९२९ मध्ये वातावरणाच्या पंचवीस किलोमीटरपर्यंतच्या तापमानाचं चित्र मांडलं. तपांबर संपतं तिथली सगळ्यात थंड हवा ध्रुवाकडे नसून विषुववृत्ताच्या बाजूला असते, हे त्यातून स्पष्ट झालं. रामनाथन पुढे अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले. एका नोंदीसाठी शेतकऱ्याच्या प्रामाणिकपणावर विसंबणारा हा माणूस. आज शेतकरी आपल्यावर विसंबून आहे.

तर आपला फुगा. हवामान विभागाचे नियमित फुगे नाशिकहून जात नाहीत. म्हणजे 'नाशिकचं साउंडिंग' हे जे आपण वाटलंत, त्यात फुगा नाही, डबी नाही, वर गेलेलं काहीच नाही. ते मॉडेलने नऊ दिवसांनंतरच्या हवेबद्दल केलेलं गणित आहे. त्यालाही साउंडिंग म्हणायची पद्धत आहे, मान्य. पण जाणते लोक मागे 'मॉडेल' हा शब्द लावतात. आपण तो गाळलात. तीन अक्षरं गाळली की भाकिताचा वेध होतो आणि अंदाजाचा पुरावा. हे आपल्याकडून विसरून झालं असं मानायला मी तयार होतो. पण तक्त्याच्या वर आपण 'प्रत्यक्ष उपकरणांच्या नोंदीनुसार' अशी ओळ टाकली होती. आता कोणत्या उपकरणाने पुढच्या आठवड्याची हवा मोजली, ते कळवावं. ते उपकरण मलाही विकत घ्यायचं आहे.

आणि जागा तरी नाशिकची होती का? जीएफएस स्वतः साधारण तेरा किलोमीटरच्या जाळीवर चालतं, पण फुकट उतरवता येणारी नेहमीची फाइल पाव अंशाच्या जाळीची. आपल्याकडे हा चौकोन जवळजवळ सत्तावीस किलोमीटरचा होतो. प्रोग्रामला 'जवळचा बिंदू घे' म्हटलं की तो जो मिळेल तो घेतो. त्या बिंदूपाशी सह्याद्री इस्त्री फिरवल्यासारखा सपाट झालेला असतो; १,६४६ मीटरचं कळसूबाई त्याला माहीतही नसतं. हा मॉडेलचा दोष म्हणून मी सोडून देतो. माझी खरी तक्रार पुढेच आहे.

आपला ४००० हा आकडा आला कुठून, हे शोधायला मी बसलो. त्याच दिवसाची, त्याच वेळेच्या गणिताची फाइल उतरवली, तोच बिंदू घेतला. फाइलमध्ये नाशिकच्या डोक्यावरचे दाबाचे थर ओळीने लावलेले होते: १०००, ९७५, ९५०, ९२५, ९००, ८५० हेक्टोपास्कल आणि पुढे वर. मेटपायच्या शिकवणीतल्या उदाहरणांत पार्सल कुठून उचलायचं, तर तापमानाच्या यादीतल्या शून्य क्रमांकाच्या नोंदीपासून, असं असतं. तिथे ते बरोबर आहे, कारण ती उदाहरणं खऱ्या फुग्याची आहेत आणि फुग्याची पहिली नोंद जमिनीवरची असते. आपण ती ओळ जशीच्या तशी उचललीत. मॉडेलच्या फाइलीत शून्य क्रमांकाला १००० हेक्टोपास्कलचा थर असतो.

नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच आहे. तिथे जमिनीवरच हवेचा दाब ९४०च्या आसपास भरतो. १००० हेक्टोपास्कलची पातळी समुद्रसपाटीपासून जेमतेम पाऊणशे मीटर वर असते, म्हणजे नाशिकच्या जमिनीखाली अर्धा किलोमीटर. महोदय, आपण पार्सल तिथून उचललंत. गंगापूर धरणाच्या तळाखालून, बेसॉल्टचे थर फोडत, द्राक्षाच्या मुळांना वळसा घालत, आपली हवा वर आली आणि तिने गारा पाडल्या. नाशिक भागात बोअर मारणारे इतके खोल गेले असते तर पाण्याचा प्रश्न मिटला असता.

तिथे हवा नाही, तर फाइलमध्ये आकडा कसा? तेही सांगतो. जाळी सगळीकडे भरलेली हवी म्हणून मॉडेलचं वाटप करणारे जमिनीखालच्या थरांतही अंदाजाचे आकडे भरून ठेवतात; खाली जाल तसं तापमान साधारण प्रमाणित दराने, किलोमीटरला साडेसहा अंशाच्या हिशोबाने, वाढवत नेतात. नकाशा अखंड दिसावा एवढाच त्याचा उपयोग. त्या हिशोबाने आपलं पार्सल निघतानाच खऱ्या जमिनीवरच्या हवेपेक्षा तीन-साडेतीन अंशांनी गरम होतं, आणि त्या प्रमाणात ओलंही. केपचं सगळं गणित सुरुवातीच्या ऊब आणि ओलीवर उभं असतं. तिथे दोन-तीन अंश वाढवा, वरचं पोट फुगतं. योग्य रीत काही गुप्त नाही. त्याच फाइलमध्ये जमिनीवरचा दाब दिलेला असतो. त्याहून जास्त दाबाचे थर काढून टाकायचे, तळाशी दोन मीटर उंचीवरचं तापमान आणि दवबिंदू जोडायचे, आणि पार्सल तिथून उचलायचं. चार-पाच ओळींचं काम. मी ते केलं तेव्हा आकडा आपल्या आकड्याच्या निम्म्याहून खाली आला.

मुंबईत ही चूक खपून गेली असती, कारण तिथली जमीन समुद्राला टेकलेली आहे. आपण मात्र दख्खनच्या पठाराचं भविष्य समुद्रसपाटीवरून सांगता. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, सगळीकडे पहिले दोन-तीन थर जमिनीखालचे. महाबळेश्वरला तर विचारूच नका. दुसऱ्या एखाद्या सर्व्हरवरून फाइल घेतली असतीत, तर तिथे थर कधीकधी वरून खाली लावलेले असतात. मग आपलं पार्सल स्थितांबरातून निघालं असतं. आपण पाताळ निवडलंत, एवढं तारतम्य दाखवल्याबद्दल आभार.

बाकीच्या गोष्टी आता भराभर सांगतो, नाहीतर पत्र आपल्या तक्त्यासारखं भडक व्हायचं.

'दुपारी बारा' हे आपण कुठून घेतलंत, ते माझ्या लगेच ध्यानात आलं. फाइलवर १२ झेड लिहिलेलं असतं. ती ग्रिनिचची वेळ. त्यात साडेपाच तास मिळवले की भारतीय संध्याकाळचे साडेपाच होतात. वळीव कधी येतो हे मार्च-एप्रिलमध्ये बांधावर बसलेलं लहान पोरही सांगेल: उन्हं कलल्यावर.

वाऱ्याच्या बाणांचं काय केलंत, तेही गमतीचं आहे. स्क्यू-टीच्या कडेला वाऱ्याची पिसं काढतात. आखूड पीस पाच नॉट, लांब पीस दहा, त्रिकोणी झेंडा पन्नास. मॉडेल वारा देतं मीटर प्रतिसेकंदात. आपण रूपांतर न करता पिसं लावलीत, त्यामुळे चाळीस नॉटचा वारा वीसचा दिसला. गारपिटीला नुसती उसळी पुरत नाही, उंचीनुसार वारा कसा बदलतो हेही लागतं. गारेला ढगात वाढायला वेळ मिळतो तो त्यामुळे. म्हणजे जी ऊर्जा नव्हती ती आपण दुप्पट केलीत, आणि जो वारा होता तो निम्म्यावर आणलात. दोन्ही चुका मिळून उत्तर बरोबर येईल, अशी आशा असावी.

उंचीचा अक्ष तर मी फ्रेम करून ठेवणार आहे. आपण युरोपीय मॉडेलही घेतलंत, म्हणजे आपण पक्षपाती नाही. पण त्याच्या काही फाइलींत उंचीऐवजी भूविभव असतं, त्याला ९.८०६६५ ने भागल्याशिवाय उंची मिळत नाही. न भागल्यामुळे ५०० हेक्टोपास्कलची पातळी, जी आपल्या डोक्यावर साधारण ५,८०० मीटरवर असते, ती आपल्या तक्त्यावर ५७ हजार मीटरवर गेली. एवढ्या उंचीवर खरा फुगाही पोचत नाही. मेटपाय बिचारी प्रत्येक आकड्याला एकक विचारत असते, एककं जुळली नाहीत तर सरळ चूक दाखवते. आपण तिला गप्प करण्यासाठी एककंच काढून टाकलेली दिसतात. विचारणाऱ्याला गप्प करणं ही आपल्याकडची जुनी कार्यपद्धती आहे, त्याबद्दल एकट्या आपल्याला दोष देत नाही.

आणि केपचा आकडा वाऱ्यात रूपांतरित करून आपण जे दुसरं चित्र काढलंत, 'ढगात ताशी ३२० किलोमीटर वेगाने वारा वर चढणार', त्याचं सूत्र मी ओळखलं. केपची दुप्पट, तिचं वर्गमूळ. ४०००चं उत्तर येतं सेकंदाला ८९ मीटर. हे पुस्तकातलं कमाल मूल्य आहे. वर जाणाऱ्या हवेत आजूबाजूची कोरडी हवा मिसळते, पाण्याचं वजन तिला खाली ओढतं, त्यामुळे खरा वेग बहुधा निम्म्यावर किंवा त्याहून खाली राहतो. तेही आपलं ४००० खरं धरलं तर. ते पाताळातून आलेलं.

शिवाय जीएफएसच्या त्याच फाइलमध्ये मॉडेलने स्वतः काढलेला केपही असतो, तोही एक नाही: जमिनीवरून उचललेल्या पार्सलचा वेगळा, जमिनीलगतच्या ९० हेक्टोपास्कलच्या थराचा वेगळा, १८०चा वेगळा, २५५चा वेगळा. आपल्या आकड्याशी ताडून बघायला ही आयती सोय होती. आपण ते आकडे पाहिले असणार, अशी माझी शंका आहे. ते भीतिदायक नव्हते, म्हणून वापरले गेले नाहीत.

नऊ दिवसांबद्दल वेगळं बोलावं लागेल. मॉडेल दिवसातून चार वेळा चालतं, आणि नऊ दिवसांपुढचा एका बिंदूचा केप या चार उत्तरांत कुठल्या कुठे उड्या मारतो. म्हणूनच जीएफएस चालवणाऱ्या संस्थेचं ३१ सदस्यांचं सामूहिक भाकीतही असतं, थोड्याथोड्या वेगळ्या सुरुवातीने केलेली एकतीस गणितं. त्यांतली किती एकाच बाजूला झुकतात ते बघायचं. आपण एका गणिताचं एक पान उचललंत. सकाळच्या गणितात लाल पोट होतं, संध्याकाळच्या गणितात ते विरलं, आणि आपला तक्ता सकाळचाच फिरत राहिला. दुरुस्तीचा तक्ता काढायची प्रथा आपल्या शास्त्रात नसावी.

आता आपलं नेहमीचं उत्तर: 'सावध केलं तर बिघडलं काय?'

निफाडकडे आमचे एक मामा आहेत. बाग उतरणीला आलेली, मण्यात अजून गोडी भरायची होती, आठवडाभर थांबले असते तर भाव बरा मिळाला असता. आपला तक्ता आला. पाठोपाठ व्यापारी आला आणि बांधावर उभं राहून म्हणाला, गारा येतायत, आज देत असाल तर उचलतो. किलोमागे भाव खाली, उधारी वर. मामांनी तक्ता मला पाठवून विचारलं, काय करू? मी उत्तर देईपर्यंत सौदा झाला होता. व्यापाऱ्याच्या फोनवरही आपलाच तक्ता होता. त्याने तो किती बागांत दाखवला असेल, ते आपणच मोजा. आपल्याला मोठ्या आकड्यांची आवड आहे.

त्या नवव्या दिवशी प्रत्यक्षात काय झालं, हे मी मुद्दाम सांगत नाही. लिंबाएवढ्या गारा पडल्या असत्या तरी आपला आलेख चुकीचाच होता. गारपीट इथे काल्पनिक नाही. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारांनी महाराष्ट्राच्या मोठ्या भागात रब्बी आणि फळबागा झोडपून काढल्या होत्या, गहू आडवा झाला होता, द्राक्षं आणि डाळिंबं गेली होती. ज्याने ते पाहिलं तो गार या शब्दाला घाबरणारच. आपण ज्या भीतीवर दुकान चालवता ती खरी आहे, म्हणून तर हा राग.

आपलं दुसरं उत्तरही ठाऊक आहे: 'खातं तरी कुठे बरोबर सांगतं?' यात तथ्य आहे. हवामान विभागाचे इशारे अनेकदा इतके सरसकट असतात की वाचून शेतकऱ्याने करायचं काय, हे कळत नाही. आपल्यासारख्यांचा जम बसला तो या पोकळीतच. पण खात्याची चूक दिसते, मोजता येते, त्यावर संसदेत प्रश्न विचारता येतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत घडलेली भारत फोरकास्ट सिस्टीम मे २०२५ मध्ये सुरू झाली, सहा किलोमीटरच्या जाळीची. तिचं भाकीत चुकलं तर ते कोणाचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आपला तक्ता चुकला की आपण गट सोडता आणि दुसऱ्या नावाने परत येता.

आणि आपल्या लाल पोटाचा हट्ट धरणाऱ्यांसाठी मुंबईचं एक उदाहरण. २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. कुलाब्याला त्याच काळात ७३. दोन्ही ठिकाणं पाव अंशाच्या एका चौकोनात मावतील इतकी जवळ. मॉडेलच्या एका बिंदूचा उभा छेद यातलं कोणतं सांगणार होता? पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर तापमान आणि दवबिंदूच्या रेषा खालपासून वरपर्यंत चिकटलेल्या असतात, केप मोठा नसतो, आणि तरीही शहर बुडतं. आपली पद्धत वापरून मी त्या आलेखाला रंग दिला असता तर पोट बारीक आलं असतं आणि आपण खाली लिहिलं असतं: धोका कमी.

म्हणून विनंती अशी की आलेख काढणं थांबवू नका. खरंच थांबवू नका. खेड्यातल्या मुलांनी हवेचा छेद स्वतः काढावा, लाल पोट कुठून आलं ते उलगडून बघावं, यासारखी चांगली गोष्ट नाही, आणि साधनं तर फुकट आहेत. फक्त तक्त्यावर मॉडेलचं नाव, ते कधीच्या गणिताचं, भारतीय वेळ, त्या जागेची उंची आणि पार्सल कोणत्या दाबावरून उचललं, एवढं लिहा. शेजारी आपलं नाव लिहा. पुढचं गणित बदललं की तेही पाठवा, त्याच गटात, त्याच ठळक अक्षरात. आणि सिनला जागा द्या; लाल संपला असेल तर निळा वापरतात.

कळावे. उत्तराची अपेक्षा नाही, कारण कोणत्या नावाने येईल ते सांगता येत नाही.

हे पत्र ज्यांच्या हाती पडेल त्या बागायतदारांना दोन ओळी. जिल्हावार इशारे मुंबई आणि नागपूरच्या प्रादेशिक केंद्रांकडून रोज निघतात, आणि ढग खरोखर उभे राहिले की रडारवर पाहून पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज येतो. गारांच्या बाबतीत भरवशाचं जे काही आहे ते बहुतेक त्या तीन तासांतच आहे. नऊ दिवस आधी लिंबाएवढ्या गारांचा तक्ता आला, तर पाठवणाऱ्याला एवढंच विचारा: नाशिकला जमिनीवर हवेचा दाब किती असतो? उत्तर ९४०च्या आसपास आहे. तो १००० म्हणाला, तर तक्ता पुढे पाठवू नका, आणि त्या दिवशी माल देऊ नका.